वझलवारकाकांचा ‘टेक’

वझलवारकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं की या माणसाला हार्ट अटॅक आलाय.

शनिवारची सकाळ होती. मी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेले होते. तिथल्या काचेच्या खोलीत पंचाहत्तरीच्या आसपासचे एक भारतीय गृहस्थ डोळे मिटून खुर्चीत बसले होते आणि त्यांच्याभोवती दहा-बारा चिनी आजी-आजोबांनी गर्दी केली होती. एक बाई त्यांची नाडी पाहत होत्या. दुसऱ्या बाई कपाळाला हात लावून ताप बघत होत्या. एक आजोबा त्यांच्या अंगातला कोट काढत होते आणि आणखी एक जण या सगळ्याचा फोनवर फोटो घेत होता. त्या फोटोवाल्याचा मला इतका संताप आला की मी दार ढकलून आत शिरले आणि ओरडले, “समबडी कॉल नाईन-वन-वन!” गृहस्थांनी एक डोळा उघडला. माझ्या गळ्यातल्या दोन वाट्या पाहिल्या आणि थेट मराठीत म्हणाले, “शिकवून राहिलो बाप्पा. दार लावून घ्या न.”

त्या दिवशीचा धडा ‘टेक’ या क्रियापदाचा होता. नाडी बघणं टेक, ताप बघणं टेक, कोट हातात घेणं टेक आणि फोटो काढणं तर टेकच. मी दार लावून घेतलं, पण आतून. पुढची चार वर्षं माझ्या शनिवारच्या सकाळी त्या खोलीत गेल्या, आणि त्याबद्दल मला आजपर्यंत एकदाही पस्तावायची वेळ आलेली नाही.

दिगंबर वझलवार मूळचे नागपूरचे. शाळा मराठी माध्यमाची, मग इंजिनिअरिंग आणि पंचविशीत थेट मिशिगन. पस्तीस वर्षं त्यांनी मोटारींचे पत्रे दाबायचे लोखंडी साचे बनवले. आमच्या ट्रॉय गावातले त्यांच्या वयाचे बाकीचे मराठी लोक रिटायर झाल्यावर गोल्फ, क्रूझ आणि मंडळाच्या कमिट्या यांत रमले. काका मंडळात फक्त जेवायला जात, आणि तसं ते बिनदिक्कत सांगतही. शनिवार मात्र चिनी मंडळींचा. नातवंडं सांभाळायला मुलांनी चीनमधून बोलावून घेतलेली ही माणसं. दोन-तीन वर्षांत नातवंडं इंग्रजीत घडाघडा बोलू लागत आणि हे आजी-आजोबा आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसून राहत.

“काका, चिनीच का? आपले पण पेरेंट्स येतात की इथे,” मी एकदा विचारलं.

“आपल्या लोकांना इंग्रजी येते असं वाटते न,” काका म्हणाले. “ज्याला येते असं वाटते, त्याला शिकवता येत नाही.”

मी पुण्याची, शिवाय नोकरी प्रोजेक्ट मॅनेजरची. याद्या करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि आवडीचा छंदही. काकांच्या वर्गात याद्यांनाच बंदी होती. दाराशी सफरचंदांचं एक रिकामं खोकं ठेवलेलं असे. आत येणाऱ्याने वही त्यात टाकायची आणि जाताना उचलून न्यायची. शब्दाचा अर्थ सांगायचा नाही, करून दाखवायचा. ‘टेक’चा एखादा अर्थ ज्याने खरोखर केला, त्याच्या नावापुढे फळ्यावर एक रेघ. औषध घ्या, रांगेत नंबर घ्या, कचरा बाहेर नेऊन टाका, दुसऱ्याचा निरोप लिहून घ्या, काय हवं ते करा, पण करा. “तोंडानं नंतर, आधी हातानं,” हे काकांचं पालुपद होतं. ते इतक्या वेळा म्हणत की दोन-तीन चिनी आजोबा ते मराठीतच म्हणायला लागले होते, तेही नागपुरी हेलात.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते त्यांनी मला कॉफी पिताना सांगितलं. अमेरिकेतल्या पहिल्या वर्षी ते कारखान्यात तोंडच उघडत नसत. एकदा त्यांना दिसलं की मशीनमध्ये पत्रा तिरका बसलाय. सांगायला हवं होतं. त्यांनी मनात वाक्य जुळवायला घेतलं, काळ तपासला, वचन तपासलं. “वाक्य एकदम शुद्ध झालं होतं पोरी. पण तोपर्यंत साचा फुटला.” असं म्हणून ते हसले. मी पन्नाशीची, पण ते मला पोरीच म्हणत. थोड्या वेळाने, हसणं थांबल्यावर म्हणाले, “कोणी रागावलं नाही. मी पाहिलं होतं हेच कोणाला माहीत नव्हतं न. ते जास्त लागलं.”

मिसेस फांग वर्गात आल्या आणि काकांना खरी जोड मिळाली.

बाई पासष्टीच्या, बुटक्या, ताठ, केस कानापर्यंत कापलेले. निवृत्त शाळामास्तरीण. वही खोक्यात टाकायला सांगितल्यावर त्यांनी काकांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता या त्यांना बाकावर उभं करतात. वही दिली, पण तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बाईंनी बाहीच्या आतल्या बाजूला बॉलपेनने अक्षरं लिहिली आहेत. मी पुण्याची, त्यामुळे मला गप्प बसवेना. मी काकांना सांगितलं. काकांनी त्यांना फळ्यापाशी बोलावलं आणि म्हणाले, बोला तुमचा ‘टेक’. फांगबाई दोन्ही हात बाजूला सोडून ताठ उभ्या राहिल्या आणि शब्दकोशातले ‘टेक’चे साठ-एक अर्थ, अनुक्रमांकासकट, न अडखळता म्हणून दाखवले. बाहीकडे एकदाही पाहिलं नाही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. मग त्यांनी टेबलावरचा पेपर नॅपकीन उचलला, बाईंपुढे धरला आणि साध्या आवाजात म्हणाले, “टेक इट.” बाईंचे ओठ हलू लागले. त्या एकपासून मोजत होत्या. सात-आठपर्यंत गेल्या असतील, तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी नॅपकीन घेऊन त्याला नाकही पुसलं.

सगळे हसले. फांगबाई हसल्या नाहीत. आणि पुढच्या महिन्यात त्या वर्गाला यायच्या बंद झाल्या.

त्यांच्याऐवजी एका शनिवारी त्यांची मुलगी आली. तिचं इंग्रजी स्वच्छ होतं आणि चेहरा दमलेला. आई आता येणार नाही, असं तिने सांगितलं. आईने ड्रायव्हिंगची परीक्षा दिली आणि नापास झाली. आमच्याकडे परीक्षक शेजारी बसतो, सूचना इंग्रजीत देतो आणि रस्त्यावर दुभाषा चालत नाही. परीक्षक म्हणाला, “टेक द नेक्स्ट राइट.” बाईंनी मनातल्या यादीत तो ‘टेक’ शोधायला घेतला, आणि सापडेपर्यंत गाडी थांबवून ठेवली. भर रस्त्यात. मागे गाड्यांची रांग लागली. परीक्षकाने त्यांना परत आणून सोडलं आणि गाडीतून उतरला.

“पण त्यांना एवढी घाई का आहे ड्राइव्ह करायची?” मी विचारलं.

मग मुलीने सगळं सांगितलं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता आणि ते वीस मिनिटांवरच्या एका नर्सिंग होममध्ये होते. आयुष्यभर चीनमध्ये बस चालवलेला माणूस, आता खुर्चीत. तिथली माणसं चांगली होती, पण त्यांना चिनी येत नव्हतं आणि वडिलांना इंग्रजी. कुणी भरवायला गेलं की ते तोंड घट्ट मिटून घेत. बायकोच्या हातूनच खात. मुलीची नोकरी अशी की ती आईला फक्त रविवारी नेऊ शकत होती. त्या बाजूला बस जात नव्हती. वडिलांचं वजन उतरत चाललं होतं आणि आईचं शिकाऊ लायसन्स दोन महिन्यांत संपणार होतं.

मी काकांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. “मी तिला सगळ्यांपुढं उभं केलं,” ते मराठीत पुटपुटले. “माझ्यासारखं कोणाचं होऊ नये म्हणून मी हा वर्ग काढला न, अन् मीच तसं करून बसलो.” मग मुलीला त्यांनी इंग्रजीत एवढंच सांगितलं की आईला उद्या, रविवारी, नर्सिंग होमला जाताना लायब्ररीच्या पार्किंग लॉटमध्ये आण. मास्तर माफी मागणार आहे, असं सांग.

परतताना गाडी मी चालवत होते. काकांनी दोन वर्षांपूर्वी डोळ्यांपायी स्वतःचं लायसन्स परत केलं होतं. मी म्हटलं, “काका, प्रॅक्टिकली बघू या ना. मी मंगळवारी आणि गुरुवारी वर्क फ्रॉम होम करते. मीच त्यांना ड्रॉप करत जाईन. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड.”

“तू नेशील, मला माहीत आहे,” काका म्हणाले. “पण मग तिला नवऱ्याला तुझ्या वेळेनं भेटावं लागेल. त्याला भूक मंगळवारी अन् गुरुवारीच लागते का?”

मी मनातल्या मनात त्या मदतीबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, त्याची मला लाज वाटली.

रविवारी लायब्ररी सकाळी बंद असते आणि मागचा पार्किंग लॉट रिकामा. काकांनी खडूने डांबरावर रस्ते आखले होते, चौक काढले होते, स्टॉपच्या रेघा मारल्या होत्या. अख्खा वर्ग हजर होता. प्रत्येकाच्या हातात वझलवारांच्या घरची एकेक स्टीलची थाळी. ती धरायची स्टिअरिंगसारखी आणि स्वतः गाडी व्हायचं. (काकांच्या पत्नी कुमुदकाकूंनी मला नंतर फोन करून विचारलं, “अगं, घरात एक ताट नाही जेवायला. तुमचं काय चाललंय तिकडे?”) फांगबाई मुलीच्या गाडीतून उतरल्या. काका पुढे झाले, सगळ्यांसमोर मान झुकवून म्हणाले, “आय वॉज राँग. आय ॲम सॉरी.” बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. शाळामास्तरणीने माफी तपासून घेतली असावी. मग त्यांनी पर्समधून वही काढली, सफरचंदांच्या खोक्यात ठेवली आणि काकांच्या हातातली थाळी घेतली. यादीतला कितवा अर्थ तो, हे त्यांनी मोजलं नाही. काकांच्याही ते लक्षात आलं असणार.

परीक्षक मी. काकांची मला सक्त ताकीद होती की सूचना ओळीने द्यायच्या नाहीत, एकसारख्या आवाजात द्यायच्या नाहीत, आणि मध्येच भलतंसलतं बोलायचं. “परीक्षक काही तुझी एक्सेल शीट वाचत नसते.” चार रविवार आम्ही हे केलं. अकरा चिनी आजी-आजोबा हातात थाळ्या घेऊन खडूच्या रस्त्यांवरून फिरत आहेत, चौकात थांबून डावी-उजवीकडे बघत आहेत, कुणी चुकून दुसऱ्याला धडकलं तर दोघेही थाळ्या वाजवून भांडत आहेत, आणि मी मागून ओरडतेय: टेक अ लेफ्ट, टेक युवर टाइम, टेक युवर फूट ऑफ द गॅस! काका एका घडीच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर नजर ठेवून असत. अधूनमधून कुणावर तरी खेकसत. मिशिगनच्या त्या गार सकाळी मला जो आनंद व्हायचा, तो ऑफिसच्या कुठल्याही प्रमोशनने झाला नाही, हे मी आज कबूल करते.

तिसऱ्या रविवारी पोलिसांची गाडी आली. शेजारच्या कुणीतरी फोन केला असावा. ती सरळ आमच्या चौकात येऊन उभी राहिली. उंचापुरा पोलीस खाली उतरला आणि म्हणाला, “मॉर्निंग, फोक्स. हूज इन चार्ज हिअर?” आजी-आजोबा जागच्या जागी थिजले. मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठत होते, पण गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागत होता. तेवढ्यात फांगबाई पुढे झाल्या. थाळी दोन्ही हातांत धरलेली, तशीच. मान वर करून त्या पोलिसाला म्हणाल्या, “वी लर्न ड्राइव्ह. यू स्टॉप इन मिडल. व्हेरी डेंजर. प्लीज टेक युवर कार देअर.” आणि थाळीनेच कडेची जागा दाखवली.

पोलिसाने स्वतःच्या गाडीकडे पाहिलं, खाली खडूच्या रेघांकडे पाहिलं. “येस, मॅम,” म्हणाला आणि खरंच गाडी कडेला लावून आला. मग दहा मिनिटं उभा राहून सगळी रहदारी त्याने पाहिली आणि जाताना सांगून गेला की या गावात त्याने इतके शिस्तीचे ड्रायव्हर पाहिलेले नाहीत. तो गेला मात्र, आमच्या वर्गाने पार्किंग लॉट डोक्यावर घेतला. थाळ्या तर अशा बडवल्या की दोन-तीनांना कायमचे पोचे आले. काकांनी माझा दंड धरला होता. “पाहिलं न? पाहिलं?” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

मग पंधरा दिवस खरी गाडी, मुलीने आईसाठी घेतलेली जुनी. बाईंच्या शेजारी मी आणि मागे काका. काका मागे बसून एक शब्द बोलायचे नाहीत, फक्त बाईंनी वळण नीट घेतलं की घशातून एक आवाज काढायचे. त्या आवाजासाठी बाई वळणं शोधून शोधून घ्यायला लागल्या.

परीक्षा लायसन्स संपायच्या आदल्या आठवड्यात होती. या वेळी नापास झाल्या असत्या तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, आणि नवऱ्याकडे तेवढा वेळ आहे की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. परीक्षक तोच निघाला. बाईंना घेऊन तो गेला आणि आम्ही दोघं फुटपाथवर उभे राहिलो. काका येरझारा घालत होते. मी म्हटलं, “काका, बसा. रिलॅक्स.” ते म्हणाले, “तू बस. मी घाबरून राहिलो, मला घाबरू दे.” पाऊण तास झाला. कोपऱ्यावरून गाडी वळली, पण ती अगदी हळू येत होती. गाडी थांबली. परीक्षक उतरला, आमच्याकडे न बघता कागदावर काहीतरी लिहीत राहिला. फांगबाई उतरल्या, दार नीट लावलं, आमच्यापुढे येऊन ताठ उभ्या राहिल्या. त्या दिवशी फळ्यापाशी उभ्या होत्या तशाच.

“पास,” त्या म्हणाल्या.

काकांनी दोन्ही हात वर केले आणि भर रस्त्यात नागपुरी आरोळी ठोकली. परीक्षक दचकला, पेन त्याच्या हातातून पडलं. मी फांगबाईंना मिठी मारली, त्यांना बहुधा मिठ्या आवडत नसाव्यात, पण मी सोडली नाही.

मी म्हटलं, आता सेलिब्रेट करू, लंचला जाऊ. बाईंनी मान हलवली. लायसन्सच्या ऑफिसात गेलो, तात्पुरता कागद हातात पडला, तशी त्यांनी घड्याळ पाहिलं. नर्सिंग होममध्ये साडेबाराला जेवण देत. मी सवयीने त्यांच्या गाडीचं पुढचं दार उघडायला गेले, तर काकांनी मागून ओढलं. “एकटीनं जाऊ दे. आपण तुझ्या गाडीनं मागून.”

आम्ही मागून निघालो. पहिल्याच सिग्नलला त्या पिवळ्या दिव्यात सुटल्या आणि आम्ही लालमध्ये अडकलो. “गेली बाप्पा,” काका म्हणाले. त्या आवाजात एवढा अभिमान मी आधी कधी ऐकला नव्हता, स्वतःच्या मुलीबद्दल बोलतानासुद्धा नाही.

गेल्या वर्षी काका-काकू त्याच मुलीकडे, टेक्सासात अर्विंगला राहायला गेले. आता शनिवारचा वर्ग मी घेते. माझ्या मानाने बरा चालतो. लोक विचारतात, काका कसे होते. मी त्यांना त्या दिवशीची पुढची दहा मिनिटं सांगते.

आम्ही पोचलो तेव्हा फांगबाईंची गाडी नर्सिंग होमच्या दारासमोर उभी होती. आत खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत त्यांचे यजमान होते. लहानखुरा, हाडं वर आलेला माणूस. त्यांच्या पुढ्यातलं जेवणाचं ताट तसंच होतं. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, हातात गाडीची किल्ली, आणि ते किल्लीकडे बघत होते, मग खिडकीबाहेर गाडीकडे, मग परत किल्लीकडे. मग त्यांचं तोंड उघडलं. जड जिभेने, एकेक शब्द ओढत, ते काहीतरी बोलले. शेजारी उभी असलेली नर्स चपापली. महिन्याभरात त्यांचा आवाज तिने ऐकला नव्हता, असं ती आम्हाला म्हणाली.

“व्हॉट डिड ही से?” काकांनी विचारलं.

फांगबाई वळल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या हसत होत्या. “ही से, पार्किंग क्रुकेड.”

गाडी खरोखरच वाकडी लावली होती. पण नवऱ्याचं ऐकून घेणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. चिनी भाषेत त्यांनी त्याला जी काय झाडायला सुरुवात केली, ती पिशवीतून डबा काढताना, झाकण उघडताना, चमचा पुसताना थांबलीच नाही. डब्यात भाताची पेज होती. तेही मध्येमध्ये एखादा शब्द टाकून भांडत होते. आणि भांडता भांडता, बाईंनी चमचा पुढे केला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. दुसऱ्या चमच्यालाही उघडलं. मी तिथेच दाराशी उभी राहून ओक्साबोक्शी रडले.

काकांनी माझा कोपर धरला. “चल पोरी, बाहेर थांबू,” ते म्हणाले. “इथं आता इंग्रजीचं काही काम नाही.”